लॉन्च लग पुन्हा पुन्हा निघतोय? आधी तुटलेली जागा नीट बघा

मॉडेल रॉकेट छान उडालं, पॅराशूटवर अलगद उतरलं, मुलीने गवतातून धावत जाऊन उचलून आणलं. हातात घेऊन बघतो तर लग, म्हणजे रॉकेट लॉन्च रॉडवर ओवायची छोटी नळी, जागेवर नाही. लॉन्च पॅडपाशी जाऊन पाहिलं, तर तो रॉडच्या, म्हणजे पॅडवरच्या उभ्या दांड्याच्या, बुडाशी पडलेला. घरी येऊन गोंद लावला, पुढच्या वेळी परत तेच. आमच्याकडे एकाच रॉकेटचा लग एका उन्हाळ्यात तीनदा निघाला. तिसऱ्या वेळी तर रॉकेट रॉडच्या मध्यावर क्षणभर अडलं, लग उखडून सुटलं आणि जवळजवळ आडवं होऊन शेताच्या कडेपर्यंत गेलं. त्या बाजूला त्या दिवशी कोणी उभं नव्हतं, हे आमचं नशीब. तेव्हापासून या एवढ्याशा नळीकडे मी फार लक्ष देऊन बघतो.

इथे अमेरिकेत कितीतरी मराठी घरांत मुलं शाळेमुळे किंवा स्काउटमुळे मॉडेल रॉकेटच्या नादाला लागतात आणि आईबाबा संध्याकाळी गोंद-कात्री घेऊन शेजारी बसतात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय.

लग म्हणजे बॉडी ट्यूबच्या, म्हणजे रॉकेटच्या मुख्य नळीच्या, अंगाला चिकटवलेली छोटी नळी. ती लॉन्च रॉडवर ओवायची, म्हणजे फिनना (शेपटीच्या पंखांना) हवेची पकड मिळण्याइतका वेग येईपर्यंत रॉकेट सरळ राहतं. लहान रॉकेटसाठी रॉड साधारण 3.2 मिमी जाडीचा आणि 90 सेंमी लांब असतो, मोठ्यांसाठी 4.8 मिमीचा. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी: लग रॉकेटला उचलत नाही. तो फक्त वाट दाखवतो. सगळं ठीक असेल तर त्याच्या सांध्यावर फारसा भार येतच नाही, साधा वूड ग्लूसुद्धा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे लग निघाला असेल तर दोनच शक्यता. एक तर गोंदाची पकडच कच्ची होती, नाहीतर लग रॉडवर कुठेतरी अडला. आणि अडला, की मोटरचा सगळा जोर त्या सांध्यावर येतो. सी6 या लहान रॉकेटच्या मोटरचा सुरुवातीचा सर्वोच्च जोर सुमारे 14 न्यूटन असतो. दीड लिटरची जवळजवळ भरलेली पाण्याची बाटली त्या नळीला लटकवल्यासारखंच ते आहे, आणि तेही हळूच नाही, हिसक्याने.

म्हणून लग निघाला की लगेच गोंदाच्या बाटलीला हात घालू नका. निघालेला लग आणि ट्यूबवरची त्याची जागा, दोन्ही उजेडात धरून शेजारी शेजारी बघा. कारण तिथेच लिहिलेलं असतं.

लगच्या पाठीला रंगाची पट्टी चिकटून आली असेल आणि ट्यूबवर खाली स्वच्छ, गुळगुळीत कागद दिसत असेल, तर लग रंगावर चिकटवला होता. गोंदाने रंगाला घट्ट धरलं, पण रंगाने ट्यूबला धरलं नव्हतं. आमची पहिली चूक हीच. मुलीला रॉकेट आधी लाल रंगवायचं होतं, मी म्हटलं रंगव, लग नंतर लावू. क्रम उलटा हवा. लग आधी, रंग नंतर, आणि रंगवताना लगच्या दोन्ही टोकांत टूथपिक किंवा कागदाची गुंडाळी खोचून ठेवायची. रॉकेट रंगवून झालंच असेल तर लगच्या जागेपुरता रंग काचपेपरने पूर्ण घासून काढा. नुसता खरवडून चालत नाही. बोटाला कागदाचा खरखरीतपणा लागला पाहिजे.

रंग नाही, पण लगबरोबर एक पातळ चकचकीत पापुद्रा आलाय आणि ट्यूबवर तसाच वरचा थर सुटलेला दिसतोय? बहुतेक बॉडी ट्यूबवर बाहेरून ग्लासीनचा, म्हणजे चकचकीत कागदाचा, गुळगुळीत थर असतो. वूड ग्लूला कागदाच्या धाग्यांत शिरायचं असतं आणि हा थर त्याला शिरू देत नाही. उपाय तोच, काचपेपर. 220 नंबरचा पुरतो. चमक गेली, जागा धुरकट दिसायला लागली की थांबा. ट्यूबची भिंत पातळ होईपर्यंत घासत बसू नका.

ट्यूबवर गोंदाची अख्खी रेघ तशीच आहे आणि लग मात्र स्वच्छ निघून आलाय, तर दोष लगच्या पाठीत आहे. तीही घासायला हवी होती. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचा लग केला असेल तर घासूनही फार उपयोग नाही, कारण ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं आणि घरातला कुठलाच गोंद त्याला नीट धरत नाही. कागदाची स्ट्रॉ किंवा किटमधला कागदी लग वापरा.

गोंदाची रेघ मधोमध काचेसारखी तडकून अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहिली असेल तर बहुधा सुपरग्लू होता. तो दहा सेकंदांत धरतो म्हणून मोह होतो, पण सुकल्यावर ठिसूळ होतो. रॉकेट फिनवर आपटून उतरलं की त्या धक्क्याने तडा जातो, डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढच्या उड्डाणाला लग सुटतो. लग जागेवर टेकवून धरायला सुपरग्लूचा एक थेंब चालेल, पण सांधा त्याच्यावर सोपवू नका.

आणि पाचवा प्रकार. लगच्या पाठीवर ट्यूबचा कागदच फाटून आलाय, खाली पांढरे तुसे उभे राहिलेत. हा प्रकार दिसला की मी गोंदाबद्दल बोलणंच थांबवतो. गोंद उत्तम होता. कागदापेक्षा मजबूत होता. इथे लग अडलाय. वर आणखी गोंद लावाल तर पुढच्या वेळी कागद आणखी खोल फाटेल, बाकी काही बदलणार नाही. आमचा तिसरा लग असाच निघाला होता. पहिल्या दोन वेळचा धडा घेऊन मी तो इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने) लावला होता, आणि त्या इपॉक्सीला काहीही झालं नव्हतं.

आधी चिकटवण्याचं बोलतो, मग अडण्याचं.

कागदी लग आणि कागदी ट्यूब असेल तर पिवळा वूड ग्लू पुरे. पद्धत दोन थरांची. ट्यूबवर लगच्या जागी गोंदाचा पातळ हात द्या, लगच्या पाठीवरही द्या, दोन्ही टेकवून लगेच वेगळे करा आणि पाच-सात मिनिटं सुकू द्या. गोंद कागदात मुरतो, वरून चिकचिकीत राहतो. मग एकाच बाजूला आणखी एक पातळ रेघ आणि दाबून धरायचं. आता पकड काही सेकंदांत बसते, लग घसरत नाही. तास-दोन तासांनी दोन्ही कडांना गोंदाची बारीक फिलेट, म्हणजे सांध्याचा कोपरा भरणारी रेघ, ओढायची, ओल्या बोटाने एकदाच. जाड फिलेट ओढली तर वूड ग्लू सुकताना आकसतो आणि त्यात बुडबुडे राहतात. दोन पातळ हात बरे. रात्रभर राहू द्या. सकाळी उडवायचंय म्हणून रात्री अकराला लग लावणं आम्ही बंद केलंय.

घाई असेल, किंवा सांध्यात प्लॅस्टिक, फायबरग्लास असेल, तर इपॉक्सी. त्यातही पाच मिनिटांच्यापेक्षा तीस मिनिटांचा जास्त चिवट.

आता अडण्याचं. खरी मेहनत इथेच लागते.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे लग वाकडा लागलेला असतो. डोळ्यांना सरळ वाटतो, पण ट्यूब गोल असल्यामुळे डोळा फसतो. ट्यूबच्या लांबीला समांतर रेघ मारायची सोपी युक्ती अशी: ट्यूब दाराच्या चौकटीच्या खाचेत किंवा ॲल्युमिनियमच्या अँगलमध्ये बसवा आणि अँगलची कड धरून पेन्सिल ओढा. ती रेघ आपोआप समांतर येते, मोजमाप करावं लागत नाही. रेघ दोन फिनच्या बरोबर मध्यावर घ्या, म्हणजे रॉड फिनला लागणार नाही. लग लावल्यावर ट्यूबच्या टोकाकडून, एक डोळा मिटून, नळीतून आरपार बघा. पलीकडचं भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे आणि नळीची रेषा ट्यूबच्या कडेला कुठेही कापत जाता कामा नये.

दोन लग असतील तर ते एकाच सरळ रेषेत येणं अंदाजावर सोडूच नका. दोन्ही लग खऱ्या रॉडवर ओवा, रॉडला आधी मेणबत्तीचं मेण चोळा म्हणजे गोंद धरणार नाही, आणि रॉडसकट ट्यूबवर ठेवून चिकटवा. पकड बसली की रॉड हळूच फिरवत काढून घ्या. रॉड आत ठेवून रात्रभर विसरू नका. मेण असलं तरी फिलेटचा ओघळ आत गेलेला असतो आणि मग रॉड काढताना लगच उपटतो.

नोज कोन (रॉकेटचं टोक) किंवा वरचा भाग खालच्या ट्यूबपेक्षा जाड असेल, म्हणजे अंडं ठेवायच्या रॉकेटसारखा, तर रॉड त्या फुगवट्याला घासतो. तिथे लगखाली बाल्साची पट्टी देऊन तो उचलावा लागतो. रॉड फुगवट्यापासून दोन-तीन मिमी लांबून जायला हवा, टेकून नव्हे.

मग लगच्या आतून बघा. गोंदाचा एक थेंब, रंगाचा एक कण, कात्रीने कापताना आत दबलेली कड, एवढं पुरतं. मी बारीक गोल कानस फिरवतो. कानस नसेल तर पातळ काडीला काचपेपर गुंडाळून दोन फेरे मारायचे. लग कात्रीने कापूच नका. आत काडी घालून, धारदार ब्लेडखाली नळी फिरवत कापली की तोंड गोल राहतं.

आणि रॉड. आम्ही रॉकेटकडे बघत राहिलो आणि दोष निम्म्याहून जास्त रॉडमध्ये निघाला. आमचा रॉड दोन तुकडे जोडून होणारा होता. जोडाच्या जागी नखाला लागेल अशी बारीक पायरी होती, आणि रॉकेट अडलं होतं ते नेमकं त्या उंचीवर. मी डोळे मिटून नख रॉडवरून वर नेलं तेव्हा ते तिथे टक् करून थांबलं. जोड बारीक काचपेपरने घासला, आत नीट घट्ट बसवला, पायरी गेली. शिवाय ब्लॅक पावडर मोटरची काजळी प्रत्येक उड्डाणाला रॉडवर बसते. खालचा हातभर भाग बोटाला राखेसारखा खरखरीत लागतो. दमट हवेत त्यावर गंजही चढतो. दर दोन-तीन उड्डाणांनंतर ओलं फडकं, मग कोरडं फडकं, महिन्यातून एकदा स्टील वूल आणि थोडं मेण. तेल लावू नका, त्यावर धूळ बसून पेस्ट होते. रॉड वाकलाय का हे बघायला तो काचेच्या टेबलावर गडगडवा. वाकलेला रॉड उड्या मारतो.

रॉड बारीक असणं हेही अडण्याचंच कारण आहे. जड रॉकेट पातळ रॉडवर सुटताना रॉड चाबकासारखा हलतो आणि लग तिरका होऊन चावतो. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 3.2 ऐवजी 4.8 मिमीचा रॉड घेतला तर तो सुमारे पाचपट ताठ. सीच्या वरच्या वर्गातल्या डी मोटरच्या रॉकेटला 3.2 मिमीच्या रॉडवर चढवणं मला पटत नाही, किटवर काहीही लिहिलेलं असो.

लग कुठे लावायचा, यावर बरंच बोललं जातं. माझं मत सांगतो. एकच लग असेल तर तो मोटर घातलेल्या रॉकेटच्या तोलबिंदूच्या आसपास हवा. अगदी शेपटीला लावला तर वाऱ्याने नाक कलतं, लग रॉडवर तिरका पकडतो. फार वर नेला तर दुसरा तोटा होतो. समजा रॉड 90 सेंमी, रॉकेट डिफ्लेक्टरच्या (मोटरची ज्वाळा अडवणाऱ्या पॅडवरच्या पत्र्याच्या) वर 5 सेंमीवर टेकलेलं आणि लग शेपटीपासून 20 सेंमीवर. लग रॉड सोडेपर्यंत रॉकेटला 65 सेंमी वाट मिळते. तोच लग 35 सेंमीवर नेला तर 50 सेंमीच. 100 ग्रॅमच्या रॉकेटवर सुरुवातीचा सरासरी जोर 9 न्यूटन धरला, तर पहिल्या बाबतीत ते सेकंदाला साधारण 10 मीटर वेगाने सुटतं, दुसऱ्या बाबतीत 9 च्या थोडं खाली. या छंदात सेकंदाला 13 ते 15 मीटर हा चांगला वेग मानतात, म्हणजे अशा रॉकेटला दोन्हीकडे कमीच पडतंय, त्याला 1.2 मीटरचा रॉड द्या, वेग 12 च्या वर जातो. दोन लग असतील तर वरचा रॉड सोडतो तेव्हाच सरळपणा जवळजवळ संपलेला असतो, हे लक्षात ठेवून वरचा लग उगाच उंच नेऊ नका. एक तोलबिंदूच्या जवळ, एक खाली, बस.

अमेरिकन रॉकेट्री चॅलेंजसारख्या स्पर्धेत मुलं अंडं न फोडता उडवतात, रॉकेट 650 ग्रॅमपर्यंतचं असतं. तिथे रॉडपेक्षा ॲल्युमिनियमची रेल, म्हणजे खाच असलेली जाड पट्टी, बरी. रेलला लगऐवजी रेल बटन, म्हणजे त्या खाचेत सरकणारी छोटी बटनं, लागतात, आणि त्यांची दुखणी वेगळी. सर्वांत जास्त दिसतं ते बटन उपटून येणं, कारण स्क्रू फक्त कागदाच्या भिंतीत बसवलेला असतो. स्क्रूला आत लाकूड मिळालं पाहिजे: खालचं बटन मागच्या सेंटरिंग रिंगमध्ये (मोटरची नळी मधोमध धरणाऱ्या कड्यात), वरच्याखाली आतून लाकडाचा तुकडा किंवा नट इपॉक्सीने बसवलेला. स्क्रूचं टोक आत जास्त निघालेलं नको, नाहीतर पॅराशूट त्यात अडकतं. हे मी दुसऱ्याच्या रॉकेटला होताना बघितलंय, पॅराशूट अर्धं बाहेर आणि अर्धं आत. स्क्रू आवळून ठेवायचा नाही. बटन बोटाने फिरलं पाहिजे. थ्रीडी प्रिंट केलेली पीएलए प्लॅस्टिकची बटनं जुलैच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, पीएलए 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि बटन हळूच आकार बदलतं. रेलमध्ये घालून बघेपर्यंत ते कळतही नाही.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी थोडं. तिथे या तयार मोटर इथल्यासारख्या दुकानात जाऊन घेता येत नाहीत, आणि दारू भरून घरी मोटर बनवणं 1884 च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येतं. शिवाय त्यात बोटं आणि डोळे जातात. त्या वाटेला मुलांना जाऊ देऊ नका. पाण्याचं रॉकेट करा, मजा तितकीच. त्यालाही गाइड रॉड लावता येतो, फक्त गोंदाचं गणित बदलतं. दाबाची पेट प्लॅस्टिकची बाटली कधीही काचपेपरने घासू नका, तिच्यावर गरम ग्लू गन लावू नका. दोन्हींनी प्लॅस्टिक कमकुवत होतं आणि हवा भरताना बाटली फुटते. लग बाटलीला न चिकटवता फिन ज्यावर बसवता त्या पुठ्ठ्याच्या घेरावर चिकटवा आणि घेर बाटलीभोवती चिकटपट्टीने घट्ट आवळा.

मैदानावर लग निघाला तर? आम्ही आता दुरुस्ती करत नाही. मास्किंग टेपने बांधलेला लग हा लग नव्हे. ते रॉकेट डब्यात जातं आणि दुसरं निघतं. मुलगी पहिल्यांदा रुसली होती, आता ती स्वतःच डब्याचं झाकण लावते.

आणि रॉकेट रॉडवरच अडकून मोटर जळत राहिली तर कोणीही पुढे जायचं नाही. लहान मोटरसाठीही सगळ्यांनी किमान पंधरा फूट लांब उभं राहायचं, हा नियम 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेत आहे. मोटर जळून झाली तरी पॅराशूट बाहेर ढकलणारा स्फोट काही सेकंदांनी होतो, आणि तो तोंडाजवळ नको. बटन दाबूनही मोटर पेटलीच नाही, तर लॉन्चरची सुरक्षा किल्ली काढा, साठ सेकंद थांबा, मगच पॅडकडे जा. रॉडचं टोक डोळ्यांच्या उंचीच्या वर हवं, नाहीतर त्यावर टोपी. वाकून रॉकेट ओवणाऱ्या मुलाचा डोळा आणि रॉडचं टोक यांत वितीचं अंतर असतं.

उड्डाणाआधी आमच्याकडे एक चाचणी होते, तिला एक मिनिट लागतं. इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) लावण्याआधी रॉकेट रॉडवर ओवायचं, वरच्या टोकापर्यंत न्यायचं आणि हात काढून हळूच सोडायचं, खाली दुसरा हात धरलेला. स्वतःच्या वजनाने ते एका दमात खाली आलं पाहिजे. मग रॉड थोडा कलवून पुन्हा. मग इग्नायटरच्या तारा लावून तिसऱ्यांदा बघायचं, या वेळी नुसतं दोन इंच वर उचलून, कारण क्लिप फिनला अडकते ती इथेच सापडते. डिफ्लेक्टरपासून उंच ठेवायला आम्ही रॉडला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावतो, तो लगच्या तोंडात शिरत नाही ना, तेही बघायचं. मुलगी हे करताना कान रॉडजवळ नेते. कागदी लग स्वच्छ रॉडवरून घसरताना सलग सर्र असा आवाज येतो. मागच्या शनिवारी तो मध्येच तुटला, तिने काही न बोलता खिशातून फडकं काढलं आणि रॉड खालून वर पुसायला लागली.